भाजी बाजाराच्या दारातला थर्मल कॅमेरा: ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१ च्या कामाच्या नोंदी

काम: कोरोनाच्या साथीत नाशिक जिल्ह्यातल्या एका घाऊक भाजीपाला आवाराच्या मुख्य दारावर ताप तपासणीसाठी थर्मल कॅमेरा, म्हणजे उष्णतेचं चित्र काढणारा कॅमेरा, बसवणे. पहाटे साडेतीन ते सातच्या दरम्यान सुमारे दीड हजार माणूस आत येतं: शेतकरी, आडते, हमाल, मापाडी, टेम्पोवाले. त्यातले सहाशेच्या आसपास चार ते पाच या एका तासात. हातातल्या इन्फ्रारेड गनने कपाळ बघत बसलं तर रांग रस्त्यावर जाते, म्हणून कॅमेरा. ज्यांना असंच काम करायचं आहे त्यांनी आमच्या चुका टाळाव्यात म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

१२ ऑक्टोबर २०२०

जागेची पाहणी. दार उघड्यावर, पूर्वेला तोंड, समोर टेम्पो वळवायची जागा. पहाटे वारा सरळ आत येतो.

कॅमेऱ्याने चेहऱ्यावरचं नेमकं काय मोजायचं हे आधी ठरवलं. कपाळ नको: वाऱ्याने गार पडतं, घामाने आणखी गार पडतं, टोपी-फेट्याखाली गरम राहतं, वर गंध किंवा बुक्का असतो. डोळ्याचा नाकाकडचा कोपरा घ्यायचा. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात आणि बाहेरच्या हवेचा परिणाम सगळ्यांत कमी होतो. या कामासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ८०६०१-२-५९, हीच जागा धरतं. चष्मा काढायलाच हवा, कारण हा कॅमेरा जे उष्णतेचे (इन्फ्रारेड) किरण बघतो त्यांना काच आरपार जाऊ देत नाही. चष्म्यातून कॅमेऱ्याला फक्त काचेचं तापमान दिसतं. मास्क नाकावर नीट असेल तर अडचण नाही.

१९ ऑक्टोबर

पहिला सेन्सर वाया. १६० × १२० पिक्सेल, ५७ अंशांची लेन्स, बोर्डासकट ३१,५०० रुपये. चित्र सुंदर येतं, म्हणून दोन दिवस त्यातच गेले. हिशोब आधी करायला हवा होता: दीड मीटरवर ५७ अंशांत १.६३ मीटर रुंदी दिसते, भागिले १६०, म्हणजे एका पिक्सेलला साधारण १० मिलिमीटर. डोळ्याचा कोपरा चार-पाच मिलिमीटरचा. एकाच पिक्सेलमध्ये कोपरा, पापणी आणि नाकाची गार बाजू यांची सरासरी येते. माणूस बोटभर सरकला की आकडा अर्धा अंश हलतो. कितीही सॉफ्टवेअर लिहिलं तरी जो तपशील टिपलाच नाही तो परत येत नाही.

विकत घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: चेहऱ्यावर किती पिक्सेल पडतात? मानक २४० × १८० म्हणतं. आमच्या पैशात ते बसत नव्हतं, पण निदान कोपऱ्यावर तीन पिक्सेल तरी हवेतच.

५ नोव्हेंबर

नवीन कॅमेरा आला. ३८४ × २८८, पिक्सेल १७ मायक्रॉनचे, लेन्स १५ मिलिमीटर, १,६८,००० रुपये. दीड मीटरवर एका पिक्सेलला १.७ मिलिमीटर. चेहऱ्याच्या रुंदीवर नव्वदच्या आसपास पिक्सेल, कोपऱ्यावर तीन. मानकापेक्षा कमी आहे हे लक्षात ठेवूनच पुढचं सगळं केलं.

आडवा बसवला तर उभं दृश्य फक्त ४९ सेंटिमीटर. उंच माणसासाठी कॅमेरा वर घ्या, बुटक्यासाठी खाली घ्या, असं रांगेत चालत नाही. कॅमेरा ९० अंशांत फिरवून उभा बसवला. आता दृश्य उभं ६५, आडवं ४९. लेन्सचं केंद्र जमिनीपासून १४८ सेंटिमीटर. सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे चौकटीत येतात.

फोकस हाताने फिरवायचा आहे आणि दीड मीटरवर पक्का केल्यावर साधारण १.३५ ते १.७ मीटर एवढाच पट्टा स्पष्ट राहतो. त्याच्या पुढे-मागे उभा राहिलेल्या माणसाचा कोपरा धूसर होतो आणि आकडा *कमी* येतो, म्हणजे चूक नेमकी घातक बाजूला. जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटने पावलं रंगवली. दोन दिवसांत कोबीच्या पाल्याखाली ती दिसेनात, म्हणून टाचेच्या जागी २५ मिलिमीटरची लोखंडी पट्टी ठोकली. बुटाला पट्टी लागली की माणूस आपोआप थांबतो.

९ नोव्हेंबर

ब्लॅकबॉडी, म्हणजे कॅमेऱ्याला सतत दिसत राहणारी, माहीत असलेल्या तापमानाची वस्तू. हिच्याशिवाय हे काम करू नये. कॅमेऱ्याचं स्वतःचं अंग तापतं-निवतं तसा त्याचा आकडा अंशभर सहज सरकतो, आणि आपल्याला शोधायचा आहे एका अंशाचा फरक.

घरीच केली: १०० × १०० × १० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पाट, मागे १२ व्होल्टचा सिलिकॉन हीटर पॅड, पुढे उष्णता सोसणारा मॅट काळा रंग, तीन हात. उघडं अॅल्युमिनियम उष्णतेसाठी आरशासारखं असतं, म्हणून रंग. तापमान ३७ वर धरायचं. एकूण ४,२०० रुपये.

जागा महत्त्वाची. ती कॅमेऱ्याजवळ ठेवायची नाही. माणसाचा चेहरा जिथे येतो तेवढ्याच अंतरावर, चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. दुरुस्तीचं गणित साधं: पाट ३७.० वर आहे आणि कॅमेरा ३६.४ म्हणतोय, तर चेहऱ्याच्या आकड्यात ०.६ मिळवा.

११ नोव्हेंबर

पाटात घातलेला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर काढला. त्याची स्वतःची चूक अधिक-उणे ०.५ अंश असते; मोजपट्टीच एवढी सैल असेल तर मोजायचं कशाला. पीटी१०० क्लास ए हा जास्त अचूक सेन्सर आणि त्याचं वाचक मॉड्यूल घेतलं, ३,१०० रुपये. ३७ अंशांना त्याची चूक साधारण ०.२ येते. छिद्रात थर्मल पेस्ट भरून बसवला. पेस्टशिवाय बसवला होता तेव्हा सेन्सर पाटापेक्षा गार राहत होता आणि हीटर चालू-बंद करणारा कंट्रोलर पाटाला उगाच तापवत होता.

दिवाळीत काम बंद.

१९ नोव्हेंबर

पहिली खरी पहाट. तीन गोष्टी बिघडल्या.

एक: कॅमेरा ३:५५ ला चालू केला, चारला गर्दी सुरू. पहिली पंचवीस मिनिटं आकडे चढतच होते. कॅमेरा आणि ब्लॅकबॉडी दोघांनाही स्थिरावायला अर्धा तास लागतो. आता टायमर स्विच ३:०० ला दोन्ही चालू करतो. वीज जाते म्हणून दोन्ही यूपीएसवर घेतले, ५,२०० रुपये. त्याआधी वीज दोन सेकंद गेली तरी अर्धा तास वाया जात होता.

दोन: सॉफ्टवेअर चौकटीतला सगळ्यांत गरम बिंदू उचलत होतं. हातातला चहाचा ग्लास ५८ अंश. मागे उभ्या टेम्पोचा सायलेन्सर तर त्याहून पुढे. भोंगा अखंड वाजत राहिला. आता साधा कॅमेरा चेहरा शोधतो आणि थर्मल चित्रात फक्त दोन डोळ्यांच्या मधला पट्टा बघितला जातो. मास्कमुळे नेहमीची चेहरा-ओळख निम्म्या वेळा फसत होती. नुसते डोळे शोधणारी पद्धत घेतल्यावर जमलं. दोन्ही लेन्समध्ये ६० मिलिमीटरचं अंतर आहे, त्यामुळे दोन चित्रं एकमेकांवर फक्त दीड मीटरवरच बरोबर बसतात. पुन्हा तीच लोखंडी पट्टी कामाला आली.

तीन: माणसाच्या मागे पत्र्याचं दार. पत्र्यात टेम्पोच्या रेडिएटरचं प्रतिबिंब. मागे गोणपाट ताणून बांधलं.

२४ नोव्हेंबर

सकाळी सगळ्यांचा दुरुस्तीआधीचा आकडा २३. माणसामाणसात काही फरकच नाही. चूक सापडायला चाळीस मिनिटं गेली: भाजीचं पाणी उडतं म्हणून कोणीतरी काळजीपोटी कॅमेऱ्यापुढे पारदर्शक अॅक्रिलिकचा तुकडा लावला होता. डोळ्याला पारदर्शक, पण या कॅमेऱ्याला भिंत. पॉलिथिनची पातळ पिशवी लावून पाहिली. तिच्यातून किरण जातात, पण सगळे नाहीत, आणि ती हलली की आकडा हलतो. पुढे काहीच लावायचं नाही असं ठरवून पीव्हीसी पाइपचा १० सेंटिमीटरचा तुकडा लेन्सभोवती आडोसा म्हणून बसवला.

२ डिसेंबर

ठरावीक मर्यादा सोडली. ३७.५ ठेवली तर पहाटे साडेचारला कोणीच अडकत नाही आणि साडेआठला ऊन चढल्यावर दर दहावा अडकतो. आता तुलना माणसांची आपसांत: शेवटच्या पन्नास जणांचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढायचा आणि जो त्याहून १.० अंशाने वर जाईल त्याला बाजूला घ्यायचं. आधी सरासरी घेतली होती. दोन-तीन चुकीचे आकडे सरासरी वर ओढतात आणि पुढचे खरे तापवाले निसटतात. मध्यकाला त्यांनी फरक पडत नाही.

सुरुवातीला पन्नास जण नसतातच. पहिल्या दहा जणांना कानाच्या थर्मामीटरने तपासूनच गणनेत घ्यायचं. ते बहुतेक वॉचमन आणि झाडूवाले असतात, आणि तेव्हा वेळही असतो.

बाजूला घेतलेल्या माणसाचा निर्णय कॅमेरा करत नाही. कानाचं थर्मामीटर, प्रत्येकाला नवीन टोपण, ३८.० ला ताप. दोन घेतली, ६,८०० रुपये. कानाला मफलर नसेल तर कानही गार पडलेला असतो, म्हणून आधी पाच मिनिटं आत बसवून मगच मोजायचं. ताप उतरवायची गोळी घेतली का, हे सगळ्यांना विचारायचं. गोळीने उतरलेला ताप कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाही.

८ डिसेंबर

थंडी वाढली. पहाटे १२ अंश. टेम्पोच्या हौद्यात उघड्यावर बसून वीस किलोमीटर आलेल्या माणसाचा चेहरा कॅमेऱ्यात निळा-काळा दिसतो. नाकाचा शेंडा २० च्या खाली, डोळ्याचा कोपरा ३३.

उपाय म्हणून पत्र्याची शेड, वाऱ्याकडून ताडपत्री, १८ मीटर रांग, १४,००० रुपये. ताडपत्री वरून तीन फूट उघडी ठेवली. ताप मोजायला ऊब हवी म्हणून माणसं बंदिस्त जागेत कोंडणं साथीत परवडणारं नाही. शेडमध्ये ऊब यावी म्हणून दोन हॅलोजन हीटर लावले गेले. त्यांनी काम पार बिघडवलं: हीटरकडे तोंड करून उभा राहिलेला प्रत्येक माणूस एका बाजूने दीड अंश गरम. हीटर काढले. शेड १५ अंशांवर राहिली. अशा तपासणीसाठी २० ते २४ अंश सांगितलेले आहेत. शेडचा खर्च वाया गेला असं धरावं.

१५ डिसेंबर

सगळं उचलून दारालगतच्या जुन्या विटांच्या गोदामात नेलं. १२ × ६ मीटर, दोन्ही टोकांना दारं, वर झरोके. जाड भिंतींनी दिवसाची ऊब धरून ठेवली आहे. पहाटे चारला आत १९ अंश, ते पण हीटरविना. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. जागा निवडताना दाराची सोय बघू नका, आधी पहाटेचं तापमान घ्या.

एका दारातून आत, भिंतीच्या कडेने वळसा घालून पट्टीपर्यंत, दुसऱ्या दारातून बाजारात. वळशात माणूस तीन-चार मिनिटं आत राहतो. सांगितलेल्या पंधरा मिनिटांच्या मानाने हे फारच कमी आहे, पण दीड हजार माणसांना पंधरा मिनिटं बसवायला जागा नाही.

आणि इथे एक विचित्र गोष्ट दिसली. शेडमध्ये मध्यक ३६.१ यायचा, अगदी पटण्यासारखा. गोदामात आल्या आल्या ३७.१. डोळ्याच्या कोपऱ्याचा मध्यक, पहाटे, तीन मिनिटं उबेत थांबलेल्या माणसांचा ३७.१ येणं शक्य नाही. पीटी१०० तपासला, बरोबर. दुरुस्तीचं गणित तपासलं, बरोबर.

१८ डिसेंबर

सापडलं. या एका चुकीत तीन दिवस गेले, म्हणून सविस्तर.

काळ्या पाटाच्या मधोमध ८ मिलिमीटरचं, ९ मिलिमीटर खोल छिद्र पाडलं, आतून तोच काळा रंग दिला आणि कॅमेरा अर्ध्या मीटरवर आणून फोकस केला. एकच धातू, एकच तापमान, पण छिद्राचा आकडा आजूबाजूच्या रंगापेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त. पडद्यावर काळ्या पाटात पांढरा ठिपका स्वच्छ दिसत होता.

कारण असं. रंग कितीही काळा असला तरी तो पूर्ण उष्णता बाहेर टाकत नाही. साधारण ९५ टक्के स्वतःची, उरलेले ५ टक्के समोरच्या गार भिंतींचं प्रतिबिंब. माणसाची कातडी ९८ टक्के. परिसर गार असेल तेव्हा पाट त्यामुळे कातडीच्या मानाने गार *दिसतो*. आपलं गणित म्हणतं की कॅमेरा कमी दाखवतोय, आणि सगळ्यांच्या आकड्यात नको तेवढी भर घालतं. १२ अंशांच्या हवेत ही भर पाऊण अंशाच्या आसपास जाते.

मग शेडमध्ये आकडे बरोबर कसे? तिथे चेहरे गार होते म्हणून आकडा खाली, आणि पाटाच्या चुकीने तेवढाच वर. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. गोदामात चेहरे उबले तेव्हा एकच उरली आणि उघडी पडली. आकडा पटण्यासारखा आहे एवढ्यावरून यंत्र बरोबर धरू नका; गार जागेत आणि उबदार जागेत, दोन्हीकडे मोजून बघा.

२३ डिसेंबर

रंगाची नेमकी टक्केवारी डब्यावर लिहिलेली नसते आणि धूळ बसली की ती बदलते, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये आकडा घालून भागवलं नाही. लेथवर अॅल्युमिनियमचा ठोकळा करून घेतला: बाहेरून ५० मिलिमीटर व्यास, आत २५ मिलिमीटरचं भोक, ७५ मिलिमीटर खोल, तळ शंकूसारखा, आतून तोच काळा रंग. २,६०० रुपये. खोल भोकात किरण भिंतींवर इतक्यांदा आपटतात की बाहेरचं प्रतिबिंब जवळजवळ संपतं. ९९ टक्क्यांच्या वर. पीटी१०० तळाशी, हीटर पट्टी बाहेरून गुंडाळलेली, वर फोमचं आवरण. भोक चित्रात पंधरा पिक्सेलचं दिसतं, त्यातले मधले ७ × ७ घ्यायचे.

सॉफ्टवेअरमध्ये भोकासाठी वेगळी टक्केवारी आणि चेहऱ्यासाठी वेगळी, ९८. दोघांना एकच ठेवली तर आता चूक उलट्या बाजूला जाते. हे करायचं राहिलं होतं, दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

मध्यक गोदामात आता खाली आला.

याच आठवड्यात डोक्यावरची पाटी लागून ठोकळ्याचा कंस वाकला. भोक तिरपं झालं की कॅमेऱ्याला तळ दिसत नाही. पुढे अर्धा इंची पाइपचं कुंपण वेल्ड केलं. हमालांची तपासणी आता काम सुरू होण्याआधी, ३:३० ला, त्यांच्या विसाव्याच्या जागेवरून थेट आत आणून. ओझं वाहिल्यानंतर मोजलं तर अंग तापलेलं, चेहरा घामाने गार. त्या आकड्याला काही अर्थ नाही.

३० डिसेंबर

या कामातला सगळ्यांत महत्त्वाचा बदल, आणि तो तयार यंत्रांत सहसा नसतो: *खालची* मर्यादा.

आतापर्यंत ज्याचा आकडा वर तो थांबला, बाकी सगळे आत. पण मोटरसायकलवरून आलेल्या, कोपरा ३३.५ असलेल्या माणसाबद्दल कॅमेऱ्याने काहीच सांगितलेलं नाही. त्याला ताप असेलही. गार वाऱ्याने तो झाकला आहे. गार चेहरा म्हणजे ताप नाही असं नव्हे, मोजणी झाली नाही असं आहे. आता ३४.५ च्या खाली आलं की पिवळा दिवा: बाकावर दहा मिनिटं, मग पुन्हा पट्टीवर. पहिल्या पहाटे पिवळ्या दिव्याने ६४ जण थांबले. त्यातल्या दोघांचे आकडे दहा मिनिटांनी थेट वरच्या मर्यादेपलीकडे गेले आणि कानाने एक पक्का ठरला, ३८.६. खालची मर्यादा नसती तर तो हिरव्या दिव्याने आत गेला असता.

ही मर्यादा ठेवायची तर आकडा खरा असायला हवा, नुसती आपसांतली तुलना पुरत नाही. ठोकळ्यावर घालवलेला वेळ इथे वसूल झाला.

८ जानेवारी २०२१

कॅमेऱ्यात दर काही मिनिटांनी टक् असा आवाज येतो. आतली झडप पडते आणि कॅमेरा स्वतःला सारखा करतो. तेवढा सेकंदभर चित्र गोठतं. त्या क्षणी पुढे आलेल्या माणसाला आधीच्या माणसाचा आकडा चिकटत होता. आता गोठलेल्या चौकटी आणि त्यानंतरचा एक सेकंद टाकून द्यायचा, तोवर लाल दिवा.

वेग: एका माणसाला सात-आठ सेकंद लागत होते, त्यातले निम्मे चष्मा काढण्यात आणि टोपी मागे सारण्यात. पट्टीच्या पाच मीटर अलीकडे चित्राचा फलक लावला. आता साडेचार-पाच सेकंद. चार ते पाचची गर्दी एका रांगेत निघते. एकावेळी एकच माणूस. घोळक्यात तपासायचा मोह धरू नका, मागच्यांचं अंतर आणि फोकस दोन्ही चुकतात.

चेहऱ्यांची चित्रं साठवत नाही. वेळ, आकडा, दिव्याचा रंग, एवढंच.

२० जानेवारी

धुकं. लेन्सवर दव, आकडे दोन अंशांनी खाली, सगळ्यांना पिवळा दिवा. वॉचमनने प्रामाणिकपणे पुसली, पण उपरण्याने. लेन्स जर्मेनियमची, वर पातळ लेप. धुळीसकट घासल्याने लेपावर चरे पडले आणि चित्र कायमचं मळकट झालं. नवीन लेन्स २३,००० रुपये आणि नऊ दिवस. तेवढे दिवस हातातल्या गनवर काढले. चूक त्याची नाही. पुसायचं कसं हे लिहून लावलेलं नव्हतं. आता फलक: आधी रबरी फुग्याने हवा, मग लेन्सच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, मधून कडेला, न दाबता.

४ फेब्रुवारी

दुसऱ्या दारासाठी कोणीतरी पडद्यावर आकडा दाखवणारं ताप तपासायचं तयार यंत्र दाखवायला आणलं. तपासायची सोपी रीत: गरम पाण्याच्या पिशवीने कपाळ आणि डोळ्यांचे कोपरे अर्धा मिनिट शेकायचे आणि लगेच पुढे उभं राहायचं. आमच्या कॅमेऱ्याने ३९.२ दाखवले. त्या यंत्राने ३६.७. मग गार पाण्याने तोंड धुऊन पाहिलं: ३६.४. येणारा आकडा मधल्या ठीकठाक आकड्याकडे ओढायची सोय आत लिहिलेली असते. त्यामुळे आकडे सगळ्यांना पटतात आणि तापवाला सुटतो. घेतलं नाही. कोणतंही यंत्र घेण्याआधी ही दोन मिनिटांची चाचणी दुकानातच करा.

२७ फेब्रुवारी

राज्यात रुग्ण पुन्हा वाढताहेत, त्यामुळे काम चालूच. आतापर्यंतचा खर्च: कॅमेरा १,६८,०००, पहिला सेन्सर ३१,५००, साधा कॅमेरा, रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि पडदा १९,४००, पाट ४,२००, ठोकळा २,६००, पीटी१०० आणि मॉड्यूल ३,१००, कानाची थर्मामीटर ६,८००, शेड १४,०००, यूपीएस ५,२००, लेन्स २३,०००. एकूण २,७७,८०० रुपये. त्यातले ७२,७०० (पहिला सेन्सर, शेड, पाट, लेन्स) निव्वळ चुकांचे, म्हणजे चौथा हिस्सा. कानाच्या थर्मामीटरने पक्के ठरलेले तापाचे रुग्ण ११. लक्षणं नसलेला रुग्ण या दारातून सरळ आत जातो, म्हणून आतला मास्क आणि गाळ्यांमधलं अंतर कॅमेऱ्याच्या भरवशावर कधीच सैल केलं नाही.

११ मार्च

ऊन. पहाटेचं ठीक चाललंय, पण दुपारी दोनच्या कांदा लिलावालाही तपासणी हवी असं ठरलं. गोदामात ३१ अंश. उन्हातून आलेल्याचं कपाळ ३८ च्या वर, कोपरा ३७.४, हिवाळ्यातल्या मर्यादा इथे कामाच्या नाहीत. उकडतं म्हणून छताचा पंखा लावला तर मध्यक पाच मिनिटांत ०.६ ने पडला, पंख्याखालून आलेले गार आणि कडेने आलेले गरम. पट्टीच्या चार मीटरच्या आत पंखा बंद.

दुपारसाठी वेगळी व्यवस्था: लिलावाला माणसं दीडशेच असतात, तेव्हा पंधरा मिनिटं सावलीत बसवणं शक्य आहे. वीस बाक, टोकन, मग पट्टी. मध्यकाची यादी दुपारी कोरी करून पुन्हा पहिल्या दहांपासून. पहाटेचे पन्नास आकडे तसेच राहिले होते तेव्हा पहिले बावीसच्या बावीस लाल दिव्याने थांबले होते. ब्लॅकबॉडी ३७ वरच, पण खोली ३३ च्या पुढे गेली तर ती ३९ वर न्यायची, नाहीतर हीटरला करण्यासारखं काही उरत नाही आणि तापमान डुलायला लागतं. ही नोंद कंट्रोलरच्या डब्यावर खडूने लिहिली होती, ती पुसली गेली. आता रंगाने लिहिली आहे.